दान आणि हक्क : कै. भाऊसाहेब बांदोडकर यांचे स्मरण

(वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



ताळेबंद सादर करण्यापूर्वी आम्ही आज गोव्याचे पहिले मुख्यमंत्री कै. दयानंद बाळकृष्ण तथा भाऊसाहेब बांदोडकर यांचे स्मरण करीत आहोत. आमच्या संस्थेशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध नव्हता. परंतु धर्मादाय कार्य करणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्या जीवनापासून शिकावे असे बरेच आहे.

१९११ साली पेडणे येथे जन्मलेल्या भाऊसाहेबांना फारसे शालेय शिक्षण लाभले नाही. तरीही उद्योगाच्या बळावर ते गोव्यातील नामवंत खाणमालक झाले. शाळा, देवळे आणि गरजू माणसे यांच्यासाठी त्यांचा हात सढळ असे. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर त्यांनी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष उभारला आणि डिसेंबर १९६३ मध्ये, बहुजन समाजाच्या पाठिंब्याने, मुख्यमंत्रिपदाची सूत्रे स्वीकारली.

दात्याचा हात कितीही सढळ असला, तरी तो पोहोचून किती घरी पोहोचणार? शिवाय घेणाऱ्याची मान खाली जाते ती जातेच. सत्तेवर आल्यावर भाऊसाहेबांनी दानाच्या जोडीला कायदा आणला. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळाला जमिनीवर संरक्षण मिळाले. भाटकाराच्या मर्जीवर त्याचे पोट अवलंबून राहिले नाही. गावोगावी सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या. तेथे बसणारे मूल कोणाच्या उपकाराखाली नव्हते.

लोकांचा हक्क त्यांनी स्वतःच्या इच्छेविरुद्धही मानला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, हे त्यांचे ध्येय होते. जनमत कौल निःपक्षपाती वातावरणात व्हावा म्हणून त्यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी ३४,०२१ मतांच्या फरकाने कौल विलीनीकरणाविरुद्ध गेला. तो शिरोधार्य मानून ते पुन्हा जनतेसमोर गेले आणि त्याच वर्षी पुन्हा मुख्यमंत्री झाले. १२ ऑगस्ट १९७३ रोजी त्या पदावर असतानाच त्यांचे निधन झाले.

आता आपल्याकडे वळू. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. हिशेबवहीत ही रक्कम खर्चाच्या बाजूस दिसते. आम्ही तिला देणे समजतो, देणगी नव्हे.

म्हणून आमच्या कर्मचारी बंधू-भगिनींना विनंती आहे : बिलाच्या खिडकीशी कोणी हात जोडून उभा राहिला, तर त्यास आदराने बसवावे आणि ‘हा आपला हक्क आहे’ असे सांगावे. देणगीदारांना आम्ही सांगू इच्छितो की, कायदा ही किमान मर्यादा आहे. तिच्या पलीकडे जेथे रुग्णाची गरज उरते, तेथे आपल्या दानाचे खरे काम सुरू होते.