वैयावृत्त्य आणि भौतिकोपचार



तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सहा आभ्यंतर तपे सांगितली आहेत. वैयावृत्त्य हे त्यांपैकी एक. ज्यांचे वैयावृत्त्य करावयाचे त्या दहांमध्ये ‘ग्लान’, म्हणजे रुग्ण साधूचाही समावेश आहे. रुग्णसेवेला तप मानणाऱ्या समाजाला भौतिकोपचाराची, अर्थात फिजिओथेरपीची तत्त्वे परकी वाटू नयेत.

उपचारापूर्वी परीक्षण, हे पहिले तत्त्व. मधुमेहामुळे पायांची संवेदना मंदावलेल्या रुग्णाला शेकाच्या पिशवीने भाजते, पण त्याला ते जाणवत नाही. म्हणून शेक देण्यापूर्वी त्वचेला उष्ण-शीत कळते की नाही, हे पाहावे लागते. हेतू शुद्ध असला तरी प्रमादातून इजा घडू शकते. अहिंसेच्या उपासकाने हे विसरू नये.

दुसरे तत्त्व संमतीचे. कोणता व्यायाम, कशासाठी, किती दुखेल, हे सांगून रुग्णाचा होकार घ्यावा आणि मगच त्याच्या देहाला स्पर्श करावा. उपचाराचे ध्येयही त्यालाच विचारावे. एखाद्या आजींना गुडघा किती अंशांत वाकतो याचे महत्त्व नसते. त्यांना मंदिराच्या पायऱ्या चढून दर्शन घ्यावयाचे असते. मग त्यांचा व्यायाम पायऱ्यांचाच असावा: चढताना सशक्त पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात.

तिसरे तत्त्व आचरण्यास सर्वांत कठीण, कारण तेथे माया आडवी येते. पक्षाघात झालेल्या वडिलांना मुले घास भरवितात, कपडे घालतात आणि लुळ्या हाताला धरून उठवितात. स्नायू शिथिल झालेला खांदा अशा ओढण्याने दुखावतो. त्याहून मोठी हानी अशी की, जे वडिलांना सावकाश का होईना जमले असते, तेही हळूहळू सुटते. म्हणून आधार आवश्यक तेवढाच द्यावा. सदऱ्याची गुंडी लावण्यास दहा मिनिटे लागली, तर शेजारी बसून वाट पाहावी. ते वाट पाहणे हीदेखील सेवाच होय.

ज्यांना अंथरुणातून उठताच येत नाही, त्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, त्वचा कोरडी ठेवावी आणि सांधे हलकेच हलवावेत.

जेथे रुग्णाचे परावलंबन ओसरू शकते, तेथे सेवकाची गरज दिवसेंदिवस कमी व्हावी, यातच सेवेचे साफल्य आहे. ‘माझ्यावाचून यांचे चालत नाही’ या सुखद अहंकाराचा त्याग घडतो, तेव्हाच वैयावृत्त्य खऱ्या अर्थाने तप ठरते.

जय जिनेंद्र.