चोरी आपली, लाज चोराची

(आपल्या मंचाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना येता आलं नाही त्यांनी मागितला म्हणून थोडा आवरून पाठवत आहे.)



मी अर्थतज्ज्ञ नाही आणि वकीलही नाही. मी जैवरसायनशास्त्रात संशोधन करते. पण गेल्या काही वर्षांत ओळखीच्या इतक्या जणांचे फोन आले की हा विषय मुळातून वाचावा लागला. त्या सगळ्या फोनांची सुरुवात जवळजवळ सारखीच असायची : "कोणाला सांगू नकोस हं, पण..." आजचं माझं बोलणं त्या "कोणाला सांगू नकोस" बद्दल आहे.

चोराला आपला पैसा हवा असतो, पण त्याहून आधी आपलं गप्प बसणं हवं असतं. अमेरिकेतले या बाबतीतले कायदे ग्राहकाच्या बाजूने बरेच चांगले आहेत. मात्र ते घड्याळ लावून चालतात. बोललात तर कायदा तुमचा, गप्प बसलात तर वेळ चोराची.

आधी क्रेडिट कार्डाचं बघू. कार्ड कोणी परस्पर वापरलं तर कायद्याने तुमच्यावर जास्तीत जास्त ५० डॉलरची जबाबदारी येते, आणि बहुतेक बँका तेवढेही घेत नाहीत. बिलात चूक असेल, म्हणजे न घेतलेल्या वस्तूचे पैसे लागले किंवा एकच रक्कम दोनदा लागली, तर १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टचा आधार आहे. ती चूक ज्या स्टेटमेंटमध्ये पहिल्यांदा आली ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत लेखी तक्रार पोचायला हवी. नुसता फोन करून थांबू नका. पत्र तक्रारींसाठी दिलेल्या पत्त्यावर पाठवा. चेक पाठवायचा पत्ता बहुधा वेगळा असतो. कंपनीला ३० दिवसांत पोच द्यावी लागते आणि दोन बिलांच्या अवधीत, फार तर ९० दिवसांत, निकाल लावावा लागतो. तोवर वादातली रक्कम भरायची गरज नाही. बाकीचं बिल मात्र वेळेवर भरा.

डेबिट कार्डाचं गणित वेगळं आहे, आणि आपल्यापैकी बरेच जण तिथे गाफील असतात. कार्ड हरवल्याचं कळल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत बँकेला सांगितलं तर नुकसान ५० डॉलरपर्यंत. उशीर केला तर ५०० पर्यंत. आणि स्टेटमेंटमध्ये दिसूनही ६० दिवसांत कळवलं नाही, तर त्यानंतर जे जाईल त्याला मर्यादाच नाही. म्हणून ऑनलाइन खरेदीला आणि पेट्रोल पंपावर मी डेबिट कार्ड वापरत नाही.

आता ओळखीची चोरी. यात चोर तुमचं कार्ड वापरत नाही. तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर वापरून तुमच्या नावाने नवं कार्ड काढतो. २०१७ साली इक्विफॅक्समधून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. तेव्हा आपला नंबर बाहेर गेलेलाच आहे असं धरून चालणं शहाणपणाचं. यावर उपाय क्रेडिट फ्रीझ. सप्टेंबर २०१८ पासून तो फुकट आहे. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिघांकडे तो वेगवेगळा करावा लागतो. तुम्हाला घराचं कर्ज हवं असेल तेव्हा ऑनलाइन सांगितल्यावर तो तासाभरात उठवावा लागतो. सोळा वर्षांखालच्या मुलांसाठीही पालक फ्रीझ करू शकतात. मुलांच्या नावावरचं कर्ज ती कॉलेजला जाईपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही, हे चोरांना चांगलं ठाऊक असतं.

चोरी झालीच असेल तर फेडरल ट्रेड कमिशनच्या आयडेंटिटीथेफ्ट डॉट जीओव्ही या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. तिथे मिळणारा अहवाल ओळखपत्रासोबत क्रेडिट ब्युरोंना पाठवला, की खोट्या नोंदी चार कामकाजाच्या दिवसांत रोखणं त्यांना बंधनकारक आहे.

इथे नेहमी एक प्रश्न येतो : "आम्ही व्हिसावर आहोत. कुठे नाव नोंदवलं तर ग्रीन कार्डाला अडचण नाही ना येणार?" मंडळी, तक्रारदार हा आरोपी नसतो. हे कायदे ग्राहकासाठी आहेत, फक्त नागरिकांसाठी नाहीत. पण नेमक्या याच भीतीवर एक मोठा धंदा उभा राहिला.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथली तरुण मुलं आयआरएसचे अधिकारी बनून अमेरिकेतल्या लोकांना अटकेची धमकी देत होती. त्याच महिन्यात अमेरिकन सरकारने अहमदाबादच्या अशाच टोळ्यांवर खटला भरला आणि २०१८ मध्ये त्यातल्या इथल्या साथीदारांना २० वर्षांपर्यंत शिक्षा झाल्या. फसलेल्यांत म्हातारी माणसं होती आणि आपल्यासारखे स्थलांतरितही. फोन करणारी मुलं आपल्याच उपनगरांतली, नोकरी शोधणारी. त्यांना माफ करा असं मी म्हणत नाही. पण "आपली माणसं असं करत नाहीत" या समजुतीवर विसंबू नका, एवढं नक्की म्हणते.

आयआरएस पहिल्यांदा सहसा टपालाने पत्र पाठवतं. कोणतंही सरकारी खातं गिफ्ट कार्डाने दंड घेत नाही. फोनवर दिसणारा नंबर खोटा दाखवता येतो. प्रयोगशाळेत ज्या उपकरणावर शंका आहे त्याच उपकरणाने आम्ही त्याची तपासणी करत नाही. तसंच इथे. समोरच्याने दिलेल्या नंबरावर खात्री करून घेऊ नका. फोन ठेवा, कार्डाच्या मागचा नंबर फिरवा.

भारतातल्या आईवडिलांशीही हे बोला. "डिजिटल अरेस्ट" नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. फसवणूक झाली तर तिथला मदतीचा क्रमांक १९३० आहे. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

शेवटी आपल्या सगळ्यांना एक विनंती. कोणी येऊन सांगितलं, "मी फसलो," तर पहिला प्रश्न "एवढा शिकलेला असून कसा फसलास?" असा विचारू नका. त्या एका वाक्याने पुढचे दहा जण गप्प बसतात. "बँकेला कळवलंस का?" एवढंच विचारा, आणि फोन लागेपर्यंत शेजारी बसा.