दूरचित्रवाणीचा शोध कोणी लावला?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात सामान्य ज्ञान स्पर्धेच्या बक्षीस-समारंभप्रसंगी केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या सामान्य ज्ञान स्पर्धेत शास्त्रज्ञ, शोध, नटनट्या, खेळाडू, चंद्रावर उतरलेले वीर असा सगळा बाजारच भरलेला असतो. गेली काही वर्षे तिच्या प्रश्नपत्रिका काढण्याचे व तपासण्याचे काम मंडळाने आमच्यावर सोपविले आहे. आज बक्षिसे वाटण्यापूर्वी दोन शब्द बोलावे, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. स्पर्धेच्या उपयुक्ततेविषयी आम्ही बोलू, अशी त्यांची अपेक्षा असणार. परंतु आम्हांस एका चुकीविषयी बोलावयाचे आहे, आणि ती चूक आमची स्वतःची आहे.

गतवर्षी माध्यमिक गटात एक प्रश्न होता : ‘दूरचित्रवाणीचा शोध कोणी लावला?’ गुण दोन. बाजारात मिळणाऱ्या एका मार्गदर्शक पुस्तकातून तो आम्ही उचलला होता, आणि उत्तरही तेथूनच घेतले होते : जॉन लोगी बेअर्ड. इयत्ता नववीतील एका कन्येने लिहिले, ‘फिरत्या चकतीची बेअर्ड यांनी दाखविली, विजेच्या नळीची फार्न्सवर्थ यांनी.’ आम्ही तांबड्या शाईने शून्य दिले. एका गुणाने तिचा पहिला क्रमांक गेला. निकालानंतर ती उत्तरपत्रिका घेऊन आमच्यापाशी आली व म्हणाली, “काका, यात चुकीचं काय आहे?” आम्ही उत्तरलो, “बाळ, एक नाव विचारलं होतं, तू दोन लिहिलीस.” ती काही बोलली नाही. तिचे आजोबा शेजारीच उभे होते. तेही काही बोलले नाहीत. ते मौन घेऊन आम्ही घरी परतलो, आणि उभा जन्म शाळेत विज्ञान शिकविलेल्या माणसाने जे आधी करावयास हवे होते ते नंतर केले. वाचावयास बसलो.

प्रथमच ध्यानात आले ते हे की, येथे शब्द आधी जन्मला आणि वस्तू मागाहून. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनाच्या वेळी भरलेल्या परिषदेत पेर्स्की नावाच्या रशियन गृहस्थाने आपल्या निबंधात ‘टेलिव्हिजन’ हा शब्द योजिला. त्याच्याही आधी, १८८४ साली, बर्लिनमधील पॉल निपकोव्ह या विद्यार्थ्याने एका चकतीच्या पेटंटासाठी अर्ज केला होता. चकतीवर गोगलगाईच्या शंखासारख्या वळणाने लहान लहान छिद्रे पाडावयाची. चकती फिरू लागली म्हणजे प्रत्येक छिद्र समोरच्या चित्रावरून एकेक रेघ चालत जाते. त्या रेघेवरील उजेड व काळोख यांप्रमाणे विजेचा प्रवाह कमीजास्त करावयाचा, दुसऱ्या टोकाला तशीच चकती त्याच गतीने फिरवावयाची, आणि तिच्यामागील दिवा त्या प्रवाहाबरहुकूम लुकलुकू द्यावयाचा. रेघा इतक्या झपाट्याने येतात की डोळ्याला त्यांचे अखंड चित्रच भासते. कल्पना उत्तम होती. पण तो क्षीण प्रवाह वाढविण्याचे साधन त्या काळी नव्हते, म्हणून ती कागदावरच राहिली.

ती कागदावरून उतरविली बेअर्ड यांनी. हे स्कॉटलंडचे, जन्म १८८८. प्रकृती नाजूक आणि खिसा त्याहून नाजूक. हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावी त्यांनी जुळविलेल्या पहिल्या यंत्रात चहाचे खोके, बिस्किटांचा डबा, रफूच्या सुया, सायकलच्या दिव्याची भिंगे आणि चिकटवावयास लाख असे सामान होते. आमच्या ज्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेतील कपाट रिकामे असल्याची तक्रार वर्षानुवर्षे केली, त्यांना ही यादी आम्ही सांगावयास हवी होती. पुढे लंडनमधील सोहो भागात माळ्यावरच्या खोलीत, ऑक्टोबर १९२५ मध्ये, एका बोलक्या बाहुल्याचा चेहरा त्यांना पडद्यावर दिसला. ते धावत जिना उतरले आणि खालच्या कचेरीतील विल्यम टेंटन नावाच्या पोऱ्याला ओढून यंत्रापुढे बसविले. दिव्यांच्या प्रखर तापाने तो बिचारा मागे सरके. शेवटी अर्धा क्राऊन हातावर ठेवला तेव्हा स्थिर बसला. पडद्यावर येण्यासाठी बिदागी घेण्याची रीत तेव्हापासूनची आहे म्हणावयाची! २६ जानेवारी १९२६ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभासदांपुढे त्यांनी जाहीर प्रयोग केला. त्या चित्रात रेघा होत्या अवघ्या ३०.

म्हणजे आमचे उत्तर चूक नव्हते. चूक होती ती उत्तर तेवढेच आहे असे मानण्यात.

कारण बेअर्ड यांचा हा खटाटोप सुरू होण्यापूर्वीच, अमेरिकेतील आयडाहो प्रांतात शेतावर राबणारा एक मुलगा निराळाच विचार करीत होता. फायलो फार्न्सवर्थ त्याचे नाव, जन्म १९०६. चौदा वर्षांचा असताना बटाट्याच्या शेतातून पाळी घालताना, एकापाठोपाठ एक पडणाऱ्या तासांकडे पाहून त्याला सुचले की, चित्रही असेच रेघारेघांनी विजेच्या कणांकडून वाचून घेता येईल. चकती नको, फिरणारे काहीच नको. शेतकरी कुटुंबांतून आलेल्या आपल्यापैकी पुष्कळांनी तसली तासे पाहिली आहेत. आम्हीही पाहिली, आणि आम्हांस काही सुचले नाही, ही गोष्ट निराळी. १९२२ साली त्याने आपल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांना, जस्टिन टोलमन यांना, सगळी आकृती काढून समजाविली. पाच वर्षांनी, ७ सप्टेंबर १९२७ रोजी, सॅन फ्रान्सिस्को येथील कार्यशाळेत त्याच्या नळीतून दुसऱ्या खोलीतील काचेवर एक साधी रेघ उमटली. मूळ रेघ फिरविली तशी तीही फिरली. तिकडे जपानात हामामात्सु येथे ताकायानागी यांनी डिसेंबर १९२६ मध्येच आपल्या लिपीतील एक अक्षर नळीच्या काचेवर उमटविले होते. मात्र चित्र टिपण्यास त्यांनी चकतीच वापरली होती.

पुढे वाद उत्पन्न झाला. आर.सी.ए. या बलाढ्य कंपनीकडील शास्त्रज्ञ व्लादिमीर झ्वोरिकिन यांनी १९२३ सालीच पेटंटाचा अर्ज केलेला होता, त्याच्या जोरावर कंपनीने अग्रहक्क सांगितला. फार्न्सवर्थ यांच्या बाजूने साक्षीस कोण आले? तर तेच टोलमन मास्तर, विद्यार्थ्याची ती जुनी आकृती जपून ठेवलेले! निकाल १९३४ साली फार्न्सवर्थ यांच्या बाजूने लागला. तो केवळ त्या साक्षीवर लागला असे नव्हे. १९२३ च्या अर्जातील यंत्र प्रत्यक्ष चालविल्याचा पुरावा विरुद्ध पक्षाला देता आला नाही, हे मुख्य. १९३९ साली कंपनीने दहा लक्ष डॉलर देऊन परवाना घेण्याचे मान्य केले. पण लगेच महायुद्ध आले, दूरचित्रवाणीचा धंदा थंडावला, आणि मूळ पेटंटाची मुदत १९४७ साली संपली. विद्यार्थ्याचा कागद एका शिक्षकाने बारा वर्षे जपला, आणि दुसऱ्याने विद्यार्थिनीच्या कागदावर शून्य काढले, हे वाचताना आमच्या मनास काय वाटले असेल ते सांगावयास नको.

बेअर्ड यांच्या चकतीचे पुढे काय झाले, तेही थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर १९३६ मध्ये बी.बी.सी.ने लंडनमध्ये दोन्ही पद्धती आळीपाळीने चालवून पाहिल्या. बेअर्ड यांच्या २४० रेघा, प्रतिस्पर्धी मार्कोनी-ई.एम.आय.च्या ४०५. काही महिन्यांतच, १९३७ च्या फेब्रुवारीत, बेअर्ड यांची पद्धत बंद झाली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले तेव्हा आपल्याकडे जी लाकडी पेटी आली, आणि जिच्यापुढे सगळी चाळ दाटीवाटीने बसली, तिच्यात चकती नव्हती, नळी होती. आज घरोघरीच्या सपाट पडद्यांत नळीही राहिलेली नाही.

आता या स्पर्धेच्या निमित्ताने अवश्य सांगावयाची एक गोष्ट. ३ जुलै १९५७ रोजी अमेरिकेत ‘आय हॅव गॉट अ सीक्रेट’ या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमात एक पाहुणे आले. पाहुण्याचे गुपित नामांकित परीक्षकांनी प्रश्न विचारून ओळखावयाचे, असा तो खेळ. एकाने विचारले, आपले यंत्र वापरताना माणसाला वेदना होतात काय? कधी कधी फारच होतात, असे पाहुण्यांनी कबूल केले. परीक्षक हरले. पाहुणे होते फायलो फार्न्सवर्थ, आणि गुपित हे की, चौदाव्या वर्षी विजेच्या दूरचित्रवाणीची कल्पना त्यांची. ज्या पेटीतून लोक तो खेळ पाहत होते, तिच्या जनकालाच त्या पेटीतील मंडळींनी ओळखले नाही. त्यांना ८० डॉलर आणि सिगारेटींचा एक खोका बक्षीस मिळाला.

यंदा तो प्रश्न आम्ही पुन्हा घातला, परंतु असा : ‘दूरचित्रवाणीच्या शोधात भाग असलेल्या कोणत्याही दोघांची नावे लिहून प्रत्येकाने काय केले ते सांगा.’ गुण चार. उत्तरे तपासावयास आम्हांस तीन रात्री अधिक लागल्या.

गतवर्षीच्या त्या उत्तरपत्रिकेवरील शून्य खोडून आम्ही तेथे दोन गुण मांडले असून शेजारी सही व तारीख घातली आहे. गतवर्षी पहिल्या आलेल्या मुलाचे बक्षीस कायम ठेवून त्याच तोलाचे दुसरे द्यावे, ही आमची विनंती कार्यकारिणीने मान्य केली. त्याचा खर्च आमच्याकडे. ती कन्या आता दहावीत आहे व डावीकडील तिसऱ्या रांगेत आजोबांशेजारी बसली आहे. अध्यक्षमहाराजांच्या अनुमतीने आम्ही त्या दोघांना व्यासपीठावर येण्याची विनंती करतो.