बोर्डाची खोली

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘घर’ या विषयावर काहीतरी बोला, असा निरोप आला तेव्हा मला हसूच आलं. ज्या माणसाने बावीस वर्षांत पुण्यात आठ घरं बदलली, त्याने घरावर काय बोलायचं? कवितेत घर आणणं सोपं असतं, तिथे डिपॉझिट लागत नाही. मग वाटलं, घरापेक्षा घरासाठी केलेल्या अर्जांबद्दल बोलावं. त्या विषयात आमच्या घराण्याचा अनुभव दांडगा आहे. वडिलांनी अर्ज केला, मी केले, आणि यंदा माझ्या मुलीने केला.

वडील, म्हणजे आमचे अब्बा, मूळचे सातारा जिल्ह्यातले. १९६०च्या सुमारास मुंबईला आले आणि एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. कुर्ल्याला एका खोलीत गावाकडचे सात जण राहायचे. रात्रपाळीचा माणूस सकाळी आला की दिवसपाळीवाल्याच्या वळकटीवर आडवा व्हायचा. अम्मी गावाला. १९६६ साली कारखान्याच्या फलकावर एक कागद लागला : हाउसिंग बोर्डाच्या भाड्याच्या खोल्यांसाठी कामगारांनी अर्ज करावेत.

आज ऐकणाऱ्याला नवल वाटेल, पण सरकार तेव्हा भाड्याने द्यायला घरं बांधत असे. केंद्र सरकारने १९५२ साली औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची योजना आणली होती. राज्य सरकारनं किंवा गृहनिर्माण मंडळानं घरं बांधायची, केंद्रानं निम्मा खर्च अनुदान म्हणून आणि निम्मा कर्ज म्हणून द्यायचा. त्यामुळे भाडं कामगाराच्या पगाराला झेपेल इतकं ठेवता यायचं. अट अशी, की माणूस कारखान्यातला कामगार हवा आणि त्याचा पगार ठरावीक मर्यादेच्या आत हवा. मुंबईच्या पूर्व उपनगरांत बोर्डाच्या वसाहती त्या काळात उभ्या राहत होत्या. टागोर नगर, कन्नमवार नगर, पंतनगर, नेहरूनगर ही नावं पुष्कळांना ठाऊक असतील. पुढे १९७७ साली वेगवेगळी मंडळं मिळून म्हाडा झाली, पण आमच्याकडची जुनी माणसं शेवटपर्यंत ‘बोर्ड’च म्हणत.

अब्बांना सही करता यायची, फॉर्म भरता यायचा नाही. कारखान्यातल्या टाइमकीपरनी जेवणाच्या सुट्टीत तो भरून दिला. पगाराचा दाखला, रेशनकार्ड, फोटो. फोटोसाठी अब्बांनी त्यांचाच कोट उसना घेतला. पुढच्या खेपेला गावी गेल्यावर अब्बांनी अम्मीला ही बातमी सांगितली. तिने विचारलं, “तिथं आपल्या लोकांना देतात का?” अब्बा म्हणाले, “कागदावर तसं काही विचारलेलं नाही.” घरात आम्ही दख्खनी बोलतो, पण अम्मी हा संवाद नेहमी मराठीत सांगायची. कारण सांगायची ती शेजारच्या बायकांना.

दोन वर्षांनी खोली मिळाली. एक खोली, मोरी, समोर लांबलचक गॅलरी. भाडं महिन्याला तीस रुपयांच्या आत. माझा जन्म त्याच खोलीतला.

बोर्डाच्या यादीचा एक गुण होता. शेजारी कोण, हे कुणालाच निवडता यायचं नाही. ज्याचा नंबर लागेल तो येईल. आमच्या मजल्यावर रत्नागिरीकडचे एक गिरणी कामगार, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो. त्यांच्या पलीकडे दारावर बाबासाहेबांचा फोटो असलेलं घर, मग एक तमिळ कुटुंब, टोकाला खानदेशातले एक मास्तर. त्या मजल्यावर नुसतं प्रेमच प्रेम होतं असं मी म्हणणार नाही. नळावरून भांडणं व्हायची. बकरी ईदला टोकाच्या घराची खिडकी दिवसभर बंद असायची, आणि गणपतीत रात्री बारानंतर भजन चाललं की अब्बा उशी कानावर घ्यायचे. पण भांडायला माणूस समोर असावा लागतो. तो बोर्डाने आणून ठेवलेला होता.

जानेवारी १९९३. मी बी.ए. होऊन नोकरी शोधत होतो. मुंबईत डिसेंबरपासून जे चाललं होतं ते मी पुन्हा सांगत नाही. एका रात्री भाऊ आले आणि म्हणाले, “शेखसाहेब, दारावरची पाटी काढू या. थोडे दिवस.” पाटी पितळी होती, कारखान्यातल्या मित्रांनी दिलेली. अब्बा काही बोलले नाहीत. उठले, स्वतःचा स्क्रूड्रायव्हर आणला आणि भाऊंच्या हातात दिला. भाऊंना स्क्रू काही निघेनात. शेवटी फिटर माणूस, अब्बांनीच ते काढले. पाटी भाऊंनी आपल्या कपाटात नेऊन ठेवली. दारावर चार भोकं राहिली.

आमचे बरेच नातेवाईक त्या वर्षी मुंब्र्याला गेले. मामा आले, म्हणाले, तुम्हीही चला, आपल्या लोकांत राहू. अब्बांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ही बोर्डाची खोली आहे. मला उठवायचं तर बोर्डाचं पत्र यायला पाहिजे.” तेव्हा खोली अजून भाड्याचीच होती. मालकी हक्क नव्हता, तरी एवढा भरवसा त्यांना कुठून आला, हे मला तेव्हा कळलं नाही. अकराव्या दिवशी पाटी परत लागली.

पुढे काही वर्षांनी खोल्या भाडेकरूंच्याच नावावर झाल्या. राज्यभर बोर्डाच्या वसाहतींत हेच झालं. त्याला कारणंही होती. तीस रुपये भाड्यात इमारतीची गळती थांबत नाही, आणि तेही थकवणारे आमच्या वसाहतीत कमी नव्हते. भाडं गोळा करण्यापेक्षा घर विकून मोकळं होणं सरकारला परवडलं. भाडेकरूलाही तेच हवं होतं. अब्बांनी त्या दिवशी मजल्यावर पेढे वाटले. मी त्यांना नावं कशी ठेवू?

अब्बा २००२ साली गेले. मला दोन बहिणी. त्यांचे वाटे द्यायचे तर खोली विकणं भाग होतं, ती विकली. माझा वाटा अम्मीच्या आजारपणात गेला. पुण्यात एका छापखान्यात मुद्रितशोधकाचं काम मिळालं होतं. बायको आणि तीन वर्षांची मुलगी घेऊन मी २००३ साली पुण्याला आलो. भाड्याचं घर शोधणं म्हणजे काय, ते तेव्हा समजलं.

फोनवर सगळं ठरतं. भाडं, डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार. शेवटी एजंट विचारतो, “नाव काय म्हणालात?” नाव सांगितलं की थोडी शांतता. मग, “साहेब, तो फ्लॅट कालच गेला बघा.” बहुतेक वेळा आवाजात दिलगिरी असते, हे मला मान्य करायला हवं. एकदा एक गृहस्थ म्हणाले, “तुमचं मराठी किती छान आहे हो!” आणि घर दिलं नाही. मी त्या दिवशी छापखान्यात दुसऱ्यांच्या मराठीतल्या साठ चुका काढून आलो होतो. कधी मालक तयार असतो, पण सोसायटी नको म्हणते. कायद्याने याला फारसा आवर नाही. संविधानाचं पंधरावं कलम धर्मावरून भेदभाव करायला मनाई करतं, पण ती मनाई मुख्यतः सरकारला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहसंस्थेच्या खटल्यात, सभासदत्व फक्त आपल्या समाजापुरतं ठेवणारा तिचा नियम कायम ठेवला. मला तेव्हा अब्बांचं वाक्य उलगडलं. त्यांचा घरमालक सरकार होता. शेजाऱ्याला, सोसायटीला, एजंटाला जे चालतं ते या मालकाला चालत नव्हतं.

म्हणून मीही सरकारच्या दाराशी गेलो. पण तिथे भाड्याच्या घराचा अर्जच नव्हता. होती ती म्हाडाची सोडत, म्हणजे विकत घ्यायच्या घराची. तिचाही फॉर्म मला आवडला, खोटं कशाला सांगू. वार्षिक उत्पन्न किती, महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा दाखला आहे का, त्या शहरात तुमच्या, पत्नीच्या किंवा अज्ञान मुलांच्या नावावर घर आहे का. राखीव घरांसाठी त्या त्या गटाचा दाखला मागतात. बाकी तुम्ही कोणत्या दिशेला तोंड करून प्रार्थना करता, हा रकाना नाही. राखीव गटांत ‘कलाकार’ असाही एक गट असतो. बायको म्हणाली, त्यातून भरा की. पण मी कलाकार असल्याचा पुरावा काय जोडणार? दोन कवितासंग्रह आहेत. दुसऱ्याच्या दीडशे प्रती पलंगाखाली आहेत. मी आपला अल्प उत्पन्न गटातून सर्वसाधारण माणूस म्हणून अर्ज केला. त्याबद्दल मात्र पुरावे भरपूर होते.

खरी गंमत नावाची झाली. मराठीत ‘शेख’ लिहायला दोन अक्षरं. इंग्रजीत आम्ही तीन प्रकारचे निघालो. शाळेच्या दाखल्यावर ‘एसएचएआयकेएच’, पॅनकार्डवर ‘एसएचइआयकेएच’, आणि विवाहाच्या दाखल्यावर शेवटचा ‘एच’ गळालेला. दुसऱ्यांची मुद्रितं तपासणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या नावात ही अवस्था. प्रतिज्ञापत्र, मग राजपत्रात नोंद, दोन महिने त्यात गेले. श्रोत्यांपैकी कुणी असा अर्ज करणार असेल तर माझा एकच सल्ला : आधी सगळे कागद एका ओळीत मांडा आणि नुसती नावं वाचा.

तीनदा अर्ज केला. तिसऱ्या वेळी प्रतीक्षा यादीत नाव आलं, तिथेच राहिलं. सोडत आहे, त्यात तक्रार कसली? पण ज्याचं नाव निघत नाही तोही उद्या कुठेतरी राहतोच ना? तो भाड्यानेच राहतो. त्याच्यासाठी सरकार अधूनमधून जागं होतं. मुंबईत एमएमआरडीएने २००८ साली १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना आणली. पुढे धोरण बदललं, आणि पनवेलजवळची अशी काही घरं गिरणी कामगारांच्या सोडतीत मालकीनं दिली गेली. गिरणी कामगारांना घर मिळालं याचा आनंद आहेच, पण भाड्याची घरं तेवढी कमी झाली. २०२० साली टाळेबंदीत लोक चालत गावी निघाले, तेव्हा शहरात कामाला येणाऱ्यांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची केंद्रीय योजना निघाली. पंतप्रधान आवास योजनेच्या २०२४च्या दुसऱ्या टप्प्यातही भाड्याच्या घरांचा वेगळा विभाग आहे. कागदावर तरी ती कल्पना परत आली आहे.

आता मुलीचं. ती प्रयोगशाळा तंत्रज्ञ झाली, आणि यंदा तिला मुंबईतल्या एका रुग्णालयात नोकरी लागली. घर शोधायला ती मैत्रिणीबरोबर गेली. संध्याकाळी फोन आला, “अब्बा, मैत्रीण नाव सांगते तेव्हा फ्लॅट असतो. मी सांगितलं की जातो.” हसत होती. मला हसता आलं नाही. तिच्या वयात मी निदान चिडलो असतो.

मग तिनेच शोधून काढलं, की सरकारच्या अनुदानावर चालणारी नोकरदार महिलांची वसतिगृहं असतात. केंद्राच्या या योजनेला हल्ली ‘सखी निवास’ म्हणतात. नियम मी तिच्याबरोबर बसून वाचले. महानगरात दरमहा उत्पन्न पन्नास हजारांच्या आत हवं. जवळचं कुटुंब त्याच शहरात राहत नसावं. भाडं पगाराच्या प्रमाणात : एकटीची खोली असेल तर फार तर पंधरा टक्के, दोघींत दहा, त्याहून जास्त जणींत साडेसात. साधारण तीन वर्षं राहता येतं. खोलीत शेजारी कोण येईल, ते यादी ठरवणार. मला एकदम आमची गॅलरी आठवली. फॉर्मला कामावरचा पगाराचा दाखला जोडायचा होता. तो रुग्णालयाच्या संगणकातून दोन मिनिटांत निघाला, कुणाचा कोट उसना घ्यावा लागला नाही. नावाचं स्पेलिंग मी चार वेळा तपासलं.

एक रकाना राहिला : स्थानिक पालक. मुंबईत आमचं म्हणावं असं कोण उरलं होतं? नातेवाईक मुंब्र्याला, तिथून पुढे आणखी कुठे कुठे पांगलेले. शेवटी भाऊंच्या मुलाला फोन लावला. माझ्याच वर्गातला, आता निवृत्तीला आलेला. आमच्या वसाहतीत पुनर्विकासाची इमारत झाली आहे, तो सोळाव्या मजल्यावर राहतो. भाऊ आता नाहीत. दुसऱ्याच दिवशी तो मुलीकडे गेला, आपल्या आधारकार्डाची प्रत दिली, सही केली. मग तिथूनच मला फोन केला : “अरे, इथं नातं विचारलंय. काय लिहू?”

मी म्हटलं, “शेजारी लिही.”

“शेजारी कसं? तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली.” थोडा वेळ थांबला, आणि म्हणाला, “काका लिहितो.”

लिहिलं त्याने. मुलीचा नंबर यादीत एकोणिसावा आहे.