स्पेसरने गाडी खरंच पळते का?



आवडीच्या विषयावर दोन-तीन मिनिटं बोला, असं संयोजकांनी सांगितलं. मला इंजिनांची आवड. त्यातला एक छोटासा भाग निवडलाय : इनटेक मॅनिफोल्डचा स्पेसर.

मॅनिफोल्ड म्हणजे सिलिंडरांना हवा पुरवणारी कोठी आणि तिच्या नळ्या. तिच्या सांध्यात बसवायचा जाड थर म्हणजे स्पेसर. ‘बसवा, ताकद वाढेल, मायलेजही वाढेल,’ असं विकणारे सांगतात. कार्बोरेटरच्या काळी हवा-पेट्रोल मिसळूनच या वाटेने जायचं. तिथला बदल मिश्रणाला जाणवायचा. आता इंजेक्टर पेट्रोल व्हॉल्व्हच्या तोंडाशी किंवा थेट सिलिंडरमध्ये फवारतो. कोठीत असते नुसती हवा. मग आटे पाडलेल्या चकतीने हवा घुसळून मायलेज कसं वाढणार?

तरीही स्पेसर सरसकट खोटा नाही. २००२ साली आलेली निसान ३५० झेड घ्या. तिच्या साडेतीन लिटरच्या इंजिनावरच्या कोठीचं झाकण पुढे उतरतं, त्यामुळे पुढच्या सिलिंडरांची वाट अरुंद होते. झाकणाखाली सुमारे ८ मिलिमीटरचा स्पेसर घातला, की तिथे जागा होते. २००७ च्या मॉडेलमध्ये कंपनीनेच दोन थ्रॉटल देऊन हवेची वाट नव्याने आखली.

दुसरा उपयोग उष्णतेचा. फिनॉलिक स्पेसर इंजिनाची धग कोठीकडे कमी जाऊ देतो. हवा तीन अंशांनी थंड झाली, तर घनता साधारण एक टक्क्याने वाढते. पण ६००० फेऱ्यांवर हे इंजिन सेकंदाला सुमारे १७५ लिटर हवा ओढतं. कोठीत ती तापायला वेळच कुठे मिळतो? त्यामुळे हा फायदा भरधाव गाडीपेक्षा सिग्नलला तापलेल्या गाडीत जास्त. शिवाय बोल्ट लांब लागतात, बॉनेटखालची जागा तपासावी लागते आणि गॅस्केट गळलं, तर न मोजलेली हवा आत शिरून मिश्रण बिघडतं.

म्हणून स्पेसर बसवण्याआधी आणि नंतर, त्याच डायनोवर, तेच पेट्रोल आणि तेच तापमान ठेवून, किमान तीन-तीन वेळा मोजा. एकाच गाडीच्या दोन चाचण्यांत जेवढा फरक पडतो, तेवढाच ‘फायदा’ दिसला, तर तो फायदा नव्हे. आणि त्याच दिवशी दुसरं काहीही बदलू नका.

हे मी इंजिनिअरिंगला शिकले नाही, गुरुजन. आपल्या प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण आणि मगच अनुमान असायचं. निरीक्षणाआधी अनुमान लिहिलं, की तुम्ही वही परत द्यायचात. आज हजारो रुपयांची वस्तू विकत घेताना तीच शिस्त कामी येते.