घरोघरची बैठक : ग्रामीण स्त्रियांची एक पाठशाळा



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्या आपल्या बाईंनी माझ्याकडून मुळाक्षरे घटवून घेतली. त्यांच्या नावाने बोलताना एखादा मोठा राष्ट्रीय प्रश्न घ्यावा, असे प्रथम मनात आले. परंतु बाईंचे निम्मे कार्य या शाळेत झाले आणि निम्मे गावातील ओसऱ्यांवर. म्हणून सौंसर-पांढुर्णा भागातील स्त्रियांच्या घरोघरी भरणाऱ्या बैठकींविषयी मी आज चार शब्द बोलणार आहे.

आपला मुलूख सीमेवरचा. कपाशीचा आणि संत्र्यांचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपला छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. कचेरीची भाषा हिंदी झाली, चुलीजवळची मराठीच राहिली. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलींचा मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. पण या दोन भाषांची वाटणी काही बदलली नाही. पुरुषांना बसाउठायला पार होता, चावडी होती, आठवडी बाजार होता. स्त्रियांना गावात अशी हक्काची जागा नव्हती. तेव्हा त्यांनी आपली सभा घरातच भरविली, आणि ती मराठीत भरविली.

याचे मूळ जुने आहे. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आपल्याकडे भुलाबाई बसते. मुली आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या घरी जमतात, गाणी म्हणतात आणि झाकलेला डबा हलवून खिरापत ओळखतात. प्रत्येक घराला मान मिळतो आणि प्रत्येक घरावर जबाबदारी येते, हा नियम मुलगी तेथेच शिकते. पुढे भजनी मंडळात आणि भिशीत तोच नियम तिच्या कामी येतो.

भिशीची रीत आपणांस ठाऊक आहे. बारा जणींनी दरमहा पाच-पाच रुपये काढावयाचे, चिठ्ठी टाकावयाची, जिचे नाव निघेल तिला साठ रुपये द्यावयाचे आणि बैठक तिच्या घरी भरवावयाची. एकदा निघालेले नाव फेरी संपेपर्यंत पुन्हा टाकावयाचे नाही. पहिलीला ते बिनव्याजी कर्ज, शेवटचीला ती बचत. कागद नाही, जामीन नाही. केवळ एकमेकींचा शब्द. पण माझ्या मते भिशीतील खरी मोलाची गोष्ट पैसा नव्हे. बैठक घरोघर फिरते, ही आहे. ती फिरते म्हणून प्रत्येक दार उघडावे लागते, आणि प्रत्येक दारात पाऊल ठेवावे लागते.

दुसरी गोष्ट पहिलीहून कठीण. १८५२ साली पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी महिला सेवा मंडळाच्या वतीने तिळगुळाचा समारंभ योजिला, तेव्हा सर्व जातींच्या स्त्रियांना एकाच जाजमावर बसविले जाईल, असे निमंत्रणातच कळविले होते. जाजमाचा हा प्रश्न आमच्या गावीही एकदा उभा राहिला.

मी तेव्हा पाचवीत होते. बाईंनी आपल्या भिशीच्या चिठ्ठ्यांत बौद्ध वस्तीतील एका बाईंचे नाव घातले. त्या बाईंना सभा नवी नव्हती. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची जी परिषद भरली, तिच्या गोष्टी त्यांनी आपल्या आईकडून ऐकल्या होत्या. नाव घालण्यास उघड विरोध कोणी केला नाही. तिसऱ्या महिन्यात त्यांचीच चिठ्ठी निघाली. पैसे देण्यास कोणाची ना नव्हती. परंतु आता त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या सतरंजीवर बसून चहा घ्यावयाचा होता.

त्या दिवशी चार जणी गेल्या नाहीत. एकीचे डोके दुखत होते, एकीकडे पाहुणे आले होते. त्या चौघींत माझी आई होती. तिने पाच रुपये माझ्या मुठीत दिले आणि दारातूनच देऊन परत ये, असे बजावले.

मी गेले. अंगण नुकतेच सारवलेले होते. ताटात कप मोजून मांडलेले होते आणि त्यांतील चार तसेच उरले होते. बाईंनी माझे पैसे घेतले, वहीत आईचे नाव लिहिले आणि म्हणाल्या, “तुझ्या आईची जागा रिकामी आहे, तिथे बैस.” मी बसले, चहा प्याले. घरी आल्यावर ते सांगितले मात्र नाही.

त्या चौघींपैकी दोघींनी पुढे भिशी सोडली. आई राहिली. दुसऱ्या वर्षीच्या फेरीत ती त्या घरी गेली, पण चहा घेतला नाही. तिसऱ्या वर्षी घेतला. मंडळींनो, समाजसुधारणा एका घरात किती वेगाने चालते, याचे माझ्यापाशी एवढेच माप आहे. बैठक देवळात किंवा शाळेत भरली असती, तर आईपुढे हा प्रश्न कधी आलाच नसता. तो भिशीच्या फेरीने आणला.

पुढे काळ पालटला. १९९२ साली नाबार्डने बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. भिशीत जमलेला पैसा वाटून संपे. गटात तो साठतो, त्यातून कर्ज दिले जाते आणि बँकेचे दारही उघडते. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतीच्या निवडणुका प्रथम मध्य प्रदेशात झाल्या, १९९४ साली. एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्यामुळे ओसरीवर बोलणारी बाई चावडीत बोलू लागली. हा लाभ लहान नाही आणि तो कमी लेखण्याचा माझा हेतू नाही.

तरी एक शंका बोलून दाखविते. मी पाहिलेल्या काही गटांची बैठक दरवेळी एकाच घरी भरते, बहुधा अध्यक्षीणबाईंच्या. तेथे सोय असते, खुर्च्या असतात, वह्या नीट राहतात. पण ज्या घराला बैठकीचा मान कधी मिळत नाही, त्या घरची सभासद पैसे भरते, सही करते आणि शेवटपर्यंत पाहुणीच राहते. वही चोख असेल, तरी फेरी थांबलेली असते.

म्हणून येथे जमलेल्या माजी विद्यार्थिनींना माझी एकच विनंती आहे. आज घरी गेल्यावर आपल्या गटाची, भिशीची, भजनी मंडळाची नावे मनाशी आठवा. त्यांतील कोणाच्या घरी आपण अजून एकदाही बसलो नाही, ते पाहा, आणि पुढची बैठक तेथे ठरवा. माझ्या माहितीप्रमाणे बाईंना याहून दुसरे स्मारक नको होते.