गोव्याच्या वाटेत आलेला विमानतळ
(कुणकेश्वर येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



फलकावर विषय लिहिला आहे 'अमेरिकेचा सागरी विस्तार'. हा विषय मांडणारे बहुधा हवाईपासून सुरुवात करतात. मी बांद्यापासून करणार आहे.

15 ऑगस्ट 1955 ला आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, बांद्याच्या पुढे पत्रादेवीला, निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. पुढे असलेले वसंतराव ओक जखमी झाले. त्यांच्यापुढे सरसावलेला कर्नैलसिंग बेनीपाल हा पंजाबचा तरुण तिथेच पडला. मध्य प्रदेशातल्या सहोदराबाई राय यांनाही गोळी लागली. त्या एका दिवसात सगळ्या नाक्यांवर मिळून वीसच्या वर माणसं गेली. त्याआधी मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि पंच्याहत्तरीला टेकलेले सेनापती बापट तुकडी घेऊन आत गेले होते. गोऱ्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली आणि आग्वादच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली.

हे जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. आता साडेतीन महिने पुढे या. 2 डिसेंबर 1955, वॉशिंग्टन. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पाउलो कुन्या यांनी एक संयुक्त पत्रक काढलं. निमित्त होतं रशियाचे नेते बुल्गानिन आणि क्रुश्चेव्ह यांच्या भारत दौऱ्याचं. दोघांनी इथे येऊन गोव्याबाबत भारताची बाजू उचलून धरली होती. पत्रकात त्यांचा निषेध होताच, पण गोवा वगैरे मुलखाचा उल्लेख 'पोर्तुगालचे प्रांत' असा केला होता. हा शब्द पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या घरचा. 1951 साली त्याने घटनादुरुस्ती करून वसाहतींना 'सागरापलीकडचे प्रांत' म्हणायला सुरुवात केली होती. वसाहत म्हटली की ती सोडावी लागते, प्रांत कोण सोडतो? गदारोळ झाल्यावर डलससाहेबांनी पत्रकार परिषद घेतली आणि माघार तर नाहीच, उलट गोवा चारशे वर्षं पोर्तुगीजांकडेच आहे असं ठासून सांगितलं.

चारशे वर्षं! तिसवाडी, बार्देश, साष्टीपुरतं ते खरं होतं. पण पत्रादेवी येते पेडणे महालात, आणि पेडणे 1788 च्या सुमाराला सावंतवाडीच्या सावंतांकडून पोर्तुगीजांकडे गेलं. अमेरिकेची राज्यघटना संमत झाली तीही 1788 सालीच. म्हणजे बेनीपाल ज्या मातीवर पडला, तिथली पोर्तुगीज सत्ता डलससाहेबांच्या घटनेएवढ्याच वयाची होती. तेरेखोलचा किल्ला तर खेम सावंतांनी बांधलेला. वाडीच्या एखाद्या म्हाताऱ्याने त्यांना हे दोन मिनिटांत समजावलं असतं. पण अमेरिकेची अडचण अज्ञानाची नव्हतीच.

अडचण होती लाजेश नावाच्या विमानतळाची. अटलांटिक महासागरात आसोरेस नावाची पोर्तुगीज बेटं आहेत. त्यांतल्या तर्सेइरा बेटावर हा विमानतळ. त्या काळच्या मालवाहू विमानांना अमेरिकेहून युरोपात किंवा पश्चिम आशियात एका दमात जाता येत नसे, वाटेत तेल भरावं लागे. दुसऱ्या महायुद्धात ही बेटं आधी इंग्रजांनी आणि मग अमेरिकनांनी वापरली. 1949 साली पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सभासद झाला, आणि 1951 साली या तळाचा रीतसर करार झाला. मुदत संपत आली की सालाझारच्या दारात जायचं. पावसाळ्यात ज्याच्या माडांखाली होडी ओढून ठेवायची, त्याच्या भावकीच्या भांडणात आपण तोंड घालत नाही, तसं हे.

दुसऱ्याच्या जागेवर तळ ठेवायची ही सवय अमेरिकेला कुठून लागली ते आता पाहू. 1890 साली कॅप्टन आल्फ्रेड माहान या आरमारी अधिकाऱ्याचं समुद्रसत्तेवरचं पुस्तक आलं. व्यापार हवा तर आरमार हवं, आणि आरमार हवं तर वाटेवर थांबे हवेत, हे त्याचं म्हणणं. वाफेच्या जहाजाला कोळसा लागतो. 1898 साली स्पेनशी युद्ध जुंपलं तेव्हा कमोडोर ड्यूईचा ताफा हाँगकाँगला होता. तटस्थ इंग्रजांनी त्याला बंदर सोडायला सांगितलं. ड्यूईने त्याआधीच नानशान नावाचं कोळशाने भरलेलं अख्खं जहाज विकत घेऊन ठेवलं होतं. 1 मे रोजी मनिलाच्या उपसागरात त्याने स्पेनचा ताफा बुडवला. विजय मोठा होता, पण कोळसा सोबत वागवत किती दिवस लढणार, हा धडाही होता. त्याच वर्षी हवाई, ग्वाम, पोर्तो रिको अमेरिकेच्या पदरात पडले. फिलिपीन्स तर दोन कोटी डॉलर मोजून घेतलं, आणि तिथल्या लोकांना ते मान्य नव्हतं म्हणून पुढची तीन वर्षं त्यांच्याशीच लढाई केली. उपासमार, रोगराई आणि गोळीबार यांत दोन लाखांच्या आसपास सामान्य माणसं मेली असा अंदाज आहे.

मुलूख सांभाळायचा तर हा खर्च येतो. क्यूबात अमेरिकेने वेगळं केलं. देश क्यूबाचाच ठेवला आणि 1903 साली ग्वांतानामोचा उपसागर भाड्याने घेतला. ते भाडं आजही वर्षाला 4085 डॉलर आहे, आणि कास्त्रोच्या राजवटीने धनादेश वटवायचं सोडलं तरी भाडेकरू काही हललेला नाही. फिलिपीन्सला 4 जुलै 1946 ला स्वातंत्र्य दिलं, आणि दुसऱ्याच वर्षी तिथले तळ 99 वर्षांच्या कराराने स्वतःकडे ठेवले.

इंग्रजांसारखा कलेक्टर आणि मामलेदार पाठवायची गरजच उरली नाही. पण या पद्धतीचा एक तोटा आहे, आणि तो अमेरिकेला नव्हे, तिसऱ्यालाच सोसावा लागतो. जमीन मालकाची, म्हणून मालकाची मर्जी राखायची. आणि मालक स्वतःच वसाहतवाला असेल तर त्याच्या वसाहतींवर पांघरूण घालायचं. लाजेशचं खरं भाडं डॉलरमध्ये नव्हतं, ते पत्रादेवीला भरलं जात होतं.

अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी हे बदलायचा प्रयत्न केला, हे मान्य करायला हवं. मार्च 1961 मध्ये अंगोला या पोर्तुगीज वसाहतीच्या प्रश्नावर अमेरिकेने सुरक्षा परिषदेत चक्क रशियाच्या बाजूने, पोर्तुगालविरुद्ध मत दिलं. सालाझार भडकला. लाजेशच्या कराराची मुदत 1962 अखेर संपणार होती. अमेरिकेच्या संरक्षण खात्याला घाम फुटला आणि सूर उतरला.

डिसेंबर 1961 मध्ये भारताने कारवाई करायचं ठरवलं तेव्हा अमेरिकेचे राजदूत गालब्रेथ दिल्लीत ती पुढे ढकलायला सांगत होते. 18 डिसेंबरला फौजा आत शिरल्या. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे प्रतिनिधी अडलाय स्टीव्हन्सन यांनी भारतावर तोफ डागली, हा संयुक्त राष्ट्रांच्या मरणाचा पहिला अंक ठरेल अशी भाषा वापरली. बळाचा वापर करू नये हा त्यांचा मुद्दा कायद्याने पोकळ नव्हता, आणि शांततेचा आग्रह धरणाऱ्या नेहरूंची त्या काळात झालेली कुचंबणाही खरी होती. पण चौदा वर्षं वाटाघाटीला नकार देणाऱ्याला हाच कायदा कुणी ऐकवला होता? युद्धबंदी आणि भारतीय फौजांची माघार मागणारा ठराव सात विरुद्ध चार मतांनी पडला. म्हणजे मतं ठरावाला जास्त मिळाली, पण चारांत रशिया होता आणि त्याचा नकाराधिकार चालला. उरलेले तिघे सिलोन, लायबेरिया आणि इजिप्त, म्हणजे तेव्हाचं संयुक्त अरब प्रजासत्ताक. 19 तारखेला गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा शरण आला.

1962 अखेर लाजेशचा करार संपला. सालाझारने नवा केला नाही आणि अमेरिकनांना हाकललंही नाही. टांगती तलवार ठेवली. 1973 च्या अरब-इस्रायल युद्धातही इस्रायलकडे जाणारी अमेरिकन विमानं लाजेशलाच उतरून तेल भरत होती. पुढच्या वर्षी लिस्बनला क्रांती झाली आणि 31 डिसेंबर 1974 ला नव्या सरकारने गोवा भारताचा असल्याचं करारावर सही करून मान्य केलं. त्यासाठी त्यांना तेव्हा वॉशिंग्टनला विचारावं लागलं नाही. लाजेशला अमेरिकेचं हवाई दल अजून आहे.